विजेला लगाम घालणारा अभियंता

मुंबईच्या लोकलमध्ये सर्वांत पुढच्या केबिनमध्ये बसलेला मोटरमन हातातील एक लहानशी मूठ फिरवतो आणि बारा डब्यांच्या गाडीत ठिकठिकाणी बसवलेल्या मोटरी एकाच वेळी गाडी ओढू लागतात. रोज लाखो प्रवासी अनुभवत असलेल्या या किमयेचे मूळ एका अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेत आहे. फ्रँक ज्युलियन स्प्रेग हे त्यांचे नाव. एडिसन आणि टेस्ला यांच्या कीर्तीपुढे ते झाकोळले गेले. परंतु विजेवर चालणाऱ्या वाहनाला शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडेच जाते.

स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी कनेक्टिकट राज्यातील मिलफोर्ड येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपल्याने मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अॅडम्स गावी आत्याने त्यांचा सांभाळ केला. गणितातील गती पाहून त्यांनी अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळवला आणि १८७८ मध्ये तेथून पदवी घेतली. नौदलात असतानाच विजेच्या यंत्रांचा त्यांना ध्यास लागला. १८८२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील विद्युत प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळावर त्यांनी काम केले. त्याच मुक्कामात वाफेच्या इंजिनांच्या धुराने कोंदलेल्या भुयारी रेल्वेतून प्रवास करताना, ही गाडी विजेवर का चालू नये, हा विचार त्यांच्या मनात रुजला. पुढच्याच वर्षी नौदलाचा राजीनामा देऊन ते एडिसन यांच्याकडे दाखल झाले. मात्र एडिसन यांचे लक्ष दिव्यांवर आणि स्प्रेग यांचे मोटरीवर. वर्षभरातच त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

मोटर फिरवणे ही त्या काळी नवलाई उरली नव्हती. खरी अडचण होती ती मोटरीला आवर घालण्याची. फिरती मोटर स्वतःच एक उलटा विद्युतदाब निर्माण करते आणि त्यामुळे तिच्यातील प्रवाह मर्यादेत राहतो. गाडी उभी असताना हा उलटा दाब शून्य असतो. अशा वेळी पूर्ण दाब एकदम दिला तर प्रवाह बेसुमार वाढतो, वेटोळी जळतात आणि गाडीला हिसका बसतो. म्हणून वीज टप्प्याटप्प्याने सोडणारा नियंत्रक हवा. याची किंमत स्प्रेग यांना लवकरच मोजावी लागली. न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेवर त्यांच्या चाचण्या चालू होत्या. उतारावर मोटरीनेच गाडीला ब्रेक लावून वीज परत मिळवण्याचा प्रयोगही त्यांनी तेथे केला होता. रेल्वेसम्राट जे गुल्ड हे एकदा चाचणीच्या डब्यात नियंत्रकाजवळच उभे होते. स्प्रेग यांनी प्रवाह जरा घाईने सोडला. मोठा आवाज व लखलखाट होऊन फ्यूज उडाला आणि घाबरलेले गुल्ड गाडीबाहेर उडी मारण्याच्या बेतात आले. फ्यूज उडणे ही सुरक्षेचीच सोय आहे, हे स्प्रेग यांनी परोपरीने समजावले. पण गुल्ड पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

१८८७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराने मोठी संधी देऊ केली. बारा मैलांचा मार्ग, वीजकेंद्र, वरून जाणारी तार, चाळीस गाड्या आणि ऐंशी मोटरी, हे सारे नव्वद दिवसांत उभे करायचे आणि काम समाधानकारक ठरले तरच १ लाख १० हजार डॉलर मिळायचे, अशी अट होती. करार होतो न होतो तोच स्प्रेग विषमज्वराने अंथरुणाला खिळले. बरे होऊन आल्यावर त्यांनी मार्ग पाहिला. काही ठिकाणी दहा फुटांमागे एक फूट इतका उभा चढ होता. एका रात्रीच्या चाचणीत गाडी चढ चढली खरी, पण त्या श्रमाने मोटर निकामी झाली. भोवती गर्दी जमली होती. किरकोळ बिघाड असून काही उपकरणे मागवली आहेत, असे स्प्रेग यांनी लोकांना सांगितले. गर्दी पांगल्यावर जी उपकरणे आली ती म्हणजे चार खेचरे! त्यांनीच गाडी ओढून नेली.

खचून न जाता स्प्रेग यांनी दातेरी चाकांची रचना बदलली. मोटरीचा एक भाग आसावर आणि दुसरा स्प्रिंगवर टांगण्याची त्यांची पद्धत इतकी टिकाऊ ठरली की जगभरच्या ट्राम व रेल्वेगाड्यांनी ती पुढे स्वीकारली. २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडची सेवा नियमित सुरू झाली. त्याच वर्षी बोस्टनचे ट्रामचालक हेन्री व्हिटनी पाहणीसाठी आले. अनेक गाड्या एकाच ठिकाणी अडकल्या तर त्या पुन्हा निघतील काय, ही त्यांची शंका होती. स्प्रेग यांनी मध्यरात्री बावीस गाड्या एका ओळीत उभ्या केल्या आणि एकामागून एक सोडल्या. विजेचा दाब निम्म्याहून खाली घसरला, दिवे मंदावले. पण सर्व गाड्या निघाल्या. बोस्टनने विजेची निवड केली आणि घोड्यांच्या ट्रामचे दिवस भरले. रिचमंडच्या कामात स्प्रेग यांना मात्र मोठा तोटा सोसावा लागला. १८९० मध्ये त्यांची कंपनी एडिसन समूहाने विकत घेतली आणि यंत्रांवरचे त्यांचे नावही पुसले गेले. दुखावलेल्या स्प्रेग यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर ते उंच इमारतींच्या विजेच्या लिफ्टकडे वळले. दूरवरच्या अनेक लिफ्ट एका जागेवरून हलवता येतात, तर गाडीचे डबे का नाहीत, या प्रश्नातून त्यांची सर्वांत मोठी कल्पना जन्मली. प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी व स्वतःचा मुख्य नियंत्रक द्यायचा आणि पुढच्या केबिनमधील छोट्या मुठीने केवळ क्षीण प्रवाहाचा इशारा पाठवायचा. मोटरीतील प्रवाह मर्यादेबाहेर असेल तर एक रिले पुढचा टप्पा रोखून धरते. चालकाने घाई केली तरी यंत्र घाई करत नाही. शिवाय डबे कितीही जोडले तरी ओढण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढते.

१८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेपुढे त्यांनी ही योजना मांडली आणि यशाची हमी म्हणून १ लाख डॉलरचा बंधपत्र लिहून दिला. त्या जुलैत स्केनेक्टडी येथे सहा डब्यांची गाडी चालवून दाखवताना मूठ होती ती त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती! एवढी अवजड गाडी चालवण्यास आता बळाची गरज उरली नसल्याचा याहून बोलका पुरावा कोणता? पुढच्याच वर्षी ती रेल्वे या पद्धतीवर धावू लागली.

२५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्क येथे स्प्रेग यांचे निधन झाले. त्यापूर्वीच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला मार्गावर भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी याच तत्त्वावर धावली होती. आज नियंत्रकात अर्धवाहक आले आहेत. मात्र जुन्या स्कूटरला घरच्या घरी मोटर बसवणाऱ्या हौशी कारागिरापुढचा प्रश्न स्प्रेग यांचाच आहे. सपाट रस्त्यावरच्या प्रवाहाचा हिशेब करून नियंत्रक निवडला, तर तो पहिल्या चढावरच जळतो. उभ्या गाडीला भरल्या ओझ्यासह चढावर निघताना लागणारा प्रवाह आधी मोजावा लागतो. रिचमंडच्या त्या रात्रीने स्प्रेग यांना हाच धडा दिला होता.