गावचा चित्रकार पिएरो

मोठे कार्य करावयाचे तर मोठ्या शहरीच गेले पाहिजे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. इटलीतील थोर चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याचे चरित्र पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही.

पंधराव्या शतकाच्या आरंभी बोर्गो सान सेपोल्क्रो या लहानशा नगरात कातड्याच्या व्यापाऱ्याच्या घरी पिएरोचा जन्म झाला. इ. स. १४४२ मध्ये तो तेथील नगरसभेवर निवडून आला. पुढे रोम, उर्बिनो इत्यादी ठिकाणी पोप व राजेरजवाडे यांनी त्यास कामे दिली. तथापि तो पुनःपुन्हा स्वग्रामी परतत असे.

त्याच्या नगराच्या नावाचा अर्थ 'पवित्र कबर' असा आहे. म्हणून नगरसभागृहाच्या भिंतीवर त्याने कबरीतून उठणारा प्रभू येशू रंगविला. खाली चार पहारेकरी गाढ झोपले आहेत. त्यांपैकी एकाचा चेहरा खुद्द पिएरोचा, असे परंपरेने मानतात. नगराचा कारभार या चित्रासमोर चाले. ता. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी पिएरो आपल्या गावीच निवर्तला.

१९४४ साली महायुद्धात ब्रिटिश तोफा या नगरावर मारा करीत होत्या. इतक्यात तेथील अधिकाऱ्यास ऑल्डस हक्स्लीच्या निबंधात वाचलेली या चित्राची थोरवी आठवली आणि त्याने तोफा थांबविल्या. गावाने आपल्या चित्रकारास एक भिंत दिली होती; पावणेपाचशे वर्षांनी त्या भिंतीने गाव राखले. आपल्या गावाकरिता मनापासून केलेले काम वाया जात नाही, हाच बोध आम्ही यातून घेतो.