शारदेचे जनक : गोविंद बल्लाळ देवल

सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर नांवाचें गांव आहे. तेथें १८५५ सालीं गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलांत त्यांचें शिक्षण झालें. बेळगांवीं त्यांस अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला व नाट्यकलेचे पहिले धडे त्यांच्याचकडून मिळाले. कांहीं काळ देवलांनीं शिक्षकाचें काम केलें. परंतु रंगभूमीची ओढ बलवत्तर ठरली. पुढें नटांस तालीम देण्यांत त्यांनीं मोठा लौकिक मिळविला.

देवलांनीं सात नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं सहा संस्कृत अथवा इंग्रजी कृतींच्या आधारें रचलेलीं आहेत. 'मृच्छकटिक' शूद्रकाच्या व 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या नाटकावरून घेतलें आहे. सर्वस्वीं स्वतंत्र असें एकच, तें म्हणजे 'संगीत शारदा'. किर्लोस्कर मंडळीनें १८९९ सालीं इंदूर येथें त्याचा पहिला प्रयोग केला.

तोंवर संगीत नाटकांत बहुधा देव, राजे व अप्सरा वावरत. देवलांनीं तेथें सामान्य गृहस्थाचें घर आणिलें. कांचनभट हा लोभी बाप आपली कन्या शारदा हिला पैशाकरितां भुजंगनाथ या श्रीमंत वृद्धास देऊं पाहतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ तें लग्न जुळवितो. आईचा जीव तुटतो. पण तिचें घरांत कांहीं चालत नाहीं. कोदंड हा तरुण मात्र उघड विरोध करितो.

या नाटकाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तरुण दिसण्याची भुजंगनाथाची हौस पाहून प्रेक्षक प्रथम पोट धरून हंसतो. पुढें त्याच हास्याचा परिणाम शारदेच्या वांट्यास आलेला दिसतो, आणि आपण कशास हंसलों याची त्याला लाज वाटते. पदांची भाषा घरगुती व सोपी; म्हणून तीं घरोघरीं पोंचलीं. दोषी एकटा वर नव्हे. विकणारा बाप, दलाली घेणारा मध्यस्थ व मुकाट्यानें पाहणारा समाज हे सारेच त्या पापाचे वांटेकरी आहेत, हें देवल कोठेंही उपदेश न करितां दाखवितात.

वधूवर सगोत्र असल्याचें उघडकीस आल्यामुळें तें लग्न मोडतें. येथें विचारी वाचकाला प्रश्न पडतो : गोत्र भिन्न असतें तर? मुलीचे अश्रू ज्या समाजाला थांबवूं शकत नाहींत, त्याला शास्त्राची एक अडचण थांबविते. या विसंगतींतच नाटकाचा खरा डंख आहे. निराशेनें जीव द्यावयास निघालेल्या शारदेला कोदंड वांचवितो व अखेर त्यांचा विवाह होतो.

बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ सालीं झाला. हरबिलास सारडा यांच्या आडनांवावरून तो सारडा कायदा म्हणून ओळखला गेला. महाराष्ट्रांत पुष्कळांनीं त्याला शारदा कायदाच म्हटलें. हा नामसाम्याचा योगायोग खरा. पण देवलांच्या नायिकेनें येथील लोकांच्या मनांत केवढें घर केलें होतें, हें त्यावरून कळतें.

तो दिवस पाहावयास देवल हयात नव्हते. १९१६ च्या जून महिन्यांत त्यांचें निधन झालें. अन्याय करणारा जसा दोषी, तसा तो पाहून स्वस्थ बसणाराही दोषी, हा त्यांच्या नाटकाचा बोध आहे. विद्यार्थिमित्रहो, 'शारदा' वाचतांना आपण त्या लग्नमंडपांत असतों तर काय केलें असतें, एवढें प्रत्येकानें स्वतःला विचारून पाहावें.