काखेत मांजर, हातात कॉफीचे दाणे

१८१९ सालची गोष्ट. जर्मनीतल्या येना गावच्या बाजारातून एक विद्यार्थी काखेत मांजर घेऊन निघाला होता. कोट उसना, टोपीही उसनी. फ्रीडलीब रुंगे त्याचे नाव. त्याला महाकवी गटे यांनी बोलावले होते. ‘शाकुंतल’ वाचून भारावलेले हेच ते गटे. त्यांना विज्ञानाचीही तितकीच ओढ होती.

रुंगे हॅम्बुर्गजवळच्या एका पाद्र्याचा मुलगा. औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना बेलाडोना या विषारी वनस्पतीचा रस त्याच्या डोळ्यात उडाला आणि बाहुली मोठी झाली. दुसरा कुणी डोळा धुऊन मोकळा झाला असता. रुंगे त्याच्या मागेच लागला. मांजराच्या एका डोळ्यात तो रस घालून त्याने गटेंना दोन्ही बाहुल्यांतला फरक दाखवला. या वनस्पतीतले ॲट्रोपिन पुढे इतरांनी वेगळे काढले. आज बीडकडे फवारणीचे औषध पोटात गेलेला रुग्ण दवाखान्यात येतो, त्याच्या बाहुल्या अनेकदा टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. ते विष ऑरगॅनोफॉस्फेट असेल, तर ॲट्रोपिननेच जीव वाचतो.

गटे खूश झाले. निरोप देताना त्यांनी कॉफीच्या दाण्यांची डबी दिली आणि यात काय आहे ते शोधायला सांगितले. रुंगेने त्यातून पांढरे स्फटिक काढले. तेच कॅफीन.

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचत जाते आणि झोप येऊ लागते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. रात्री गाडी चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे मधूनच श्वास घ्यायचे थांबतात. त्यांनाही कॅफीनच दिले जाते, अर्थात मोजून, औषध म्हणून. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार आणि टाइप-२ मधुमेह कमी आढळतो, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. तो कॉफीमुळेच कमी होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. शिवाय आपल्याकडे कपात पडणारी दोन चमचे साखर हा हिशेब बिघडवते. गरोदर बाईने दिवसाला २०० मिलीग्रॅम कॅफीनच्या वर जाऊ नये, आणि त्यात चहाही मोजावा.

रुंगे पुढे प्राध्यापक झाला, नंतर बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्गच्या रसायन कारखान्यात गेला. तिथे १८३४ च्या सुमारास त्याने डांबरातून ॲनिलीन आणि कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल, वेगळे केले. ॲनिलीनवर नंतर रंगांचा प्रचंड धंदा उभा राहिला. कारखान्याच्या कारभाऱ्यांना तेव्हा त्यात काही दिसले नाही. १८५२ मध्ये त्याची नोकरी गेली. १८६५ मध्ये ग्लासगोत लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा सडण्यापासून वाचवल्या, तेव्हा रुंगे हयात होता, पण गरिबीत. लग्न त्याने केलेच नव्हते. स्वयंपाकाची मात्र हौस होती. घरकामातल्या रसायनशास्त्रावरचे त्याचे पुस्तक १८६६ मध्ये निघाले, आणि पुढच्याच मार्चमध्ये तो वारला.