शाफ्ट ड्राइव्ह: मॅक्स फ्रिट्स यांनी चेन काढली, पण तेल बघायचं काम आपल्याकडेच राहिलं

शाफ्टवाल्या बाईकला मेंटेनन्स लागतच नाही, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. चेन नाही, म्हणजे चेन स्प्रे नाही, ताण बघणं नाही, पँटवर काळे डाग नाहीत. इथपर्यंत खरंय. पण मागच्या चाकाला चिकटून जो गोल डबा असतो, त्यात गिअर फिरतात आणि ते तेलावर जगतात. हा डबा तिथे का आला, हे कळलं की त्याची काळजी कशी घ्यायची तेही पटकन कळतं. म्हणून मी आधी एका इंजिनिअरची गोष्ट सांगतो.

विमानातून बाईककडे

मॅक्स फ्रिट्स यांचा जन्म १८८३ चा, जर्मनीतल्या उराखचा. डाइम्लर कंपनीत त्यांनी इंजिनं बनवली. १९१७ मध्ये ते म्युनिकला आले. ज्या कंपनीत आले तीच त्या वर्षी बीएमडब्ल्यू झाली. तिथे त्यांनी उंचावरच्या विरळ हवेतही दम न सोडणारं विमानाचं इंजिन तयार केलं. त्यांच्या इंजिनावर १९१९ मध्ये एक विमान ९,७६० मीटर उंच गेलं.

आणि त्याच वर्षी व्हर्सायचा तह झाला. जर्मनीला विमानाची इंजिनं बनवायला बंदी! ज्या कामात आयुष्य घातलं, तेच बंद. कंपनीला तगायचं होतं, मग काम मोटरसायकलचं आलं. फ्रिट्स यांच्यासमोर हेलिओस नावाची एक बाईक ठेवली गेली. तिचे दोन सिलिंडर एकामागे एक होते. पुढच्याला वारा मिळायचा, मागचा तापायचा.

फ्रिट्स यांनी इंजिन ९० अंशांत फिरवलं. दोन्ही सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर आले, दोघांना सारखी हवा. क्रँकशाफ्ट आता बाईकच्या लांबीच्या दिशेने झाला. इंजिनाला गिअरबॉक्स थेट जोडला आणि तिथून एक दांडा सरळ मागे नेला. हीच आर-३२, १९२३ ची. ४९४ सीसी, साडेआठ हॉर्सपॉवर, वजन १२२ किलो. शाफ्टची बाईक त्याआधीही होती, बेल्जियमच्या एफएनची. पण फ्रिट्स यांची मांडणी टिकली. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर बाईकमध्ये ती आजही दिसते.

डब्यात काय चालतं?

दांडा लांबीच्या दिशेने फिरतो, चाक मात्र त्याला काटकोनात फिरतं. ही दिशा बदलायला मागे दोन तिरक्या दातांचे गिअर लागतात. ट्रकवाले ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात, तेच. इंजिनाची सगळी ताकद त्या मोजक्या दातांवरून जाते. म्हणून हे गिअर बंद डब्यात, तेलात ठेवतात. धूळ-पाऊस बाहेर राहतो. पण आत काय बिघडतंय, तेही दिसत नाही.

तुम्ही काय बघायचं?

• तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच आणि तेवढंच भरा. जास्त भरलं तर दाब वाढून ऑइल सीलमधून गळू शकतं.
• तेल बदलताना आधी भरायचा प्लग उघडा, मग खालचा. खालून तेल सोडलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर बाईक जागेवरच अडकते. वॉशर नवीन टाका.
• बऱ्याच बाईकच्या ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर बारीक काळसर भुकटी चालते. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर बाईक चालवू नका, डबा उघडून घ्या. तेल दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय.
• बाईक मेन स्टँडवर लावा, मागचं चाक वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग तपासून घ्या.
• स्विंगआर्मजवळचं रबरी बूट फाटलंय का ते बघा. तिथून पाणी शिरतं आणि शाफ्टचे जॉइंट गंजतात.
• चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर टाळू नका. तेच तेल टायरवर किंवा ब्रेकवर गेलं की वळणावर गाडी घसरते.

जुनी शाफ्टवाली बाईक घ्यायची असेल, तर मी किलोमीटर विचारायच्या आधी मागचं तेल शेवटचं कधी बदललं ते विचारेन. उत्तर आलं नाही, तर किमतीत तो खर्च धरायचा.

फ्रिट्स १९६६ मध्ये गेले. रायडरचे हात काळे होऊ नयेत अशी सोय त्यांनी करून ठेवली. थोडं तेल आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळी एक नजर, एवढं काम मात्र आपलं आहे. या सर्व्हिसला बाईक नेली की मेकॅनिकला ड्रेन प्लग दाखवायला सांगा.