किर्लोस ते किर्लोस्करवाडी : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे घराणे

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण सगळेच जातो-येतो. मुलांनी कधी विचारले की हे किर्लोस्कर कोण, तर आपण पंप किंवा इंजिनाचे नाव सांगून मोकळे होतो. पण हे नाव आपल्याच गावातल्या एका घराण्याचे आहे, आणि ते घराणे येथून का गेले हेही मुलांना सांगायला हवे. म्हणून या वेळी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची ओळख करून देत आहोत.

आडनावाचे मूळ कोकणात आहे. किर्लोस हे गाव आजच्या मालवण तालुक्यात येते. आपल्या सीमाभागातील कितीतरी घराण्यांप्रमाणे किर्लोस्करही घाट चढून वर आले आणि सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला स्थायिक झाले. मुलूख कानडी, घरातली भाषा मराठी. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचा जन्मही गुर्लहोसूरचाच, 20 जून 1869 चा.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, आणि धाकट्या मुलाचे लक्ष मात्र चित्रात आणि यंत्रात. शाळेत मन रमेना, तेव्हा 1885 साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे लक्षात आले की आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचे स्वप्न तिथेच संपले. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

इकडे बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांनी 1888 मध्ये सायकलचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. तेव्हा सायकल ही मोठ्या साहेबांची आणि श्रीमंतांची चैन होती. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाची सुरुवात इथली, आपल्या बेळगावातली.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. दोघा भावांनी लहानसा कारखाना काढला. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, मग लोखंडी नांगर. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगर वरवरच चालतो, हरळी-कुंद्याची मुळे खालीच राहतात. लोखंडी फाळ खोल जातो आणि मुळासकट तण वर काढतो. पण लोखंडाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत भावांनी धंदा बदलला नाही, हे विशेष.

गाडी रुळावर येते न येते तोच 1910 साल उजाडले. नवी वसाहत वसवायची म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. ज्या गावात बावीस वर्षे काढली, तिथून यंत्रे, भट्टी, माणसे उचलून जायचे कुठे, हा प्रश्न होता. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधात एका मोठ्या सभामंडपाचे काम पाहत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणांचे पारखी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज देऊ केले.

ही जमीन म्हणजे माळ होता. निवडुंग, दगड आणि साप यांखेरीज तिथे काही नव्हते; पाण्याचीही मारामार. तरी बेळगावचे पंचवीसेक कामगार आपापली कुटुंबे घेऊन लक्ष्मणरावांबरोबर निघाले. आम्हांला या चरित्रातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. पगाराची शाश्वती नसताना, चांगले गाव सोडून माळावर जाणाऱ्या त्या घरांची नावे आज कुणाला माहीत नाहीत, पण किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यांच्या भरवशावर. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी हे सहकारीही तिथलेच होऊन राहिले. कुटुंबाची आणि वाढत्या वाडीची काळजी घ्यायला राधाबाई किर्लोस्कर होत्या.

लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या दोघांना त्यांनी राखणदार नेमले आणि त्या दोघांनी विश्वास राखला. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि तोफांचे नांगर झाले. 1920 मध्ये कंपनी मर्यादित झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेल्या 'किर्लोस्कर' मासिकाने आणि पुढे 'स्त्री' व 'मनोहर' यांनी वाडीचे नाव मराठी घराघरांत नेले. चिरंजीव शंतनुरावांनी उद्योगाचा विस्तार पुढे पुणे, बेंगळुरू, हरिहरपर्यंत केला.

गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली उसळलेल्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याचेही मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जे जळाले ते पुन्हा उभे करण्यात आले. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनला तर आधीच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले होते.

बेळगावने एक जागा परत घेतली आणि एक कारखाना गमावला, हे खरे आहे. आज उद्यमबागेत इतक्या फाउंड्री आहेत, आपल्या घरांतली कितीतरी माणसे तिथे ओतकाम करतात, तेव्हा वाटते की तो कारखाना इथेच राहता तर काय झाले असते. पण हळहळ बाजूला ठेवली तर या घराण्याकडून घेण्यासारखे आणखी काही दिसते. कोकणातून गुर्लहोसूर, तिथून बेळगाव, बेळगावहून कुंडलचा माळ. प्रत्येक वेळी गाव बदलले, पण सोबतची माणसे त्यांनी सोडली नाहीत, म्हणून नवे गावही आपले झाले. आपल्यातील बहुतेकांचे पूर्वज असेच कुठून तरी येऊन इथले झाले आहेत.

पुढच्या वेळी किर्लोस्कर रोडवरून जाताना मुलांना एवढे जरूर सांगावे.