मुरबाड-शहापूरच्या रस्त्याच्या बोर्डावरचा 'एम' कोण? स्वतःचे पैसे घालून जगाला खडीचा रस्ता देणारा मॅकॲडम

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात आतल्या गावाकडे वळलात की कामाचा बोर्ड दिसतो. रस्त्याचं नाव, योजनेचं नाव आणि मध्येच कुठेतरी 'डब्ल्यूबीएम'. गावात कुणालाही विचारा, डब्ल्यूबीएम म्हणजे खडी-मुरूम टाकून रोलर फिरवलेला, डांबर पडायच्या आधीचा रस्ता. पूर्ण नाव 'वॉटर बाउंड मॅकॅडम'.

यातला शेवटचा 'एम' हा एक माणूस आहे. जॉन लाउडन मॅकॲडम.

जन्म १७५६ चा, स्कॉटलंडमधल्या एअर गावातला. वडील १७७० मध्ये वारले आणि चौदा वर्षांच्या जॉनला न्यूयॉर्कला व्यापारी काकांकडे पाठवलं. तिथे त्याने चांगला पैसा कमावला. पण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि हा पठ्ठ्या इंग्रजांच्या बाजूने. युद्ध हरलं, मालमत्तेचा मोठा भाग जप्त झाला आणि १७८३ मध्ये तो बायको-मुलांसह स्कॉटलंडला परतला.

उरलेल्या पैशातून त्याने जमीन घेतली. जमीनदार म्हणून भागातल्या रस्त्यांच्या विश्वस्त मंडळावर नेमणूक झाली आणि तिथेच त्याला रस्त्यांचं वेड लागलं. तेव्हा ब्रिटनमध्ये टोलनाके होते, टोल घेतला जायचा, रस्ते मात्र खराबच. (ओळखीचं वाटतंय ना?) खड्डा पडला की माती-दगड ओतायचे. पाऊस आला की माती वाहून जायची, दगड उघडे पडायचे, बग्ग्या उलटायच्या.

मॅकॲडमने काय केलं, तर फिरला. १७९८ पासून पुढची सोळा वर्षं, स्वतःच्या खर्चाने, सुमारे ३० हजार मैल. खिशातले जवळपास ५ हजार पौंड गेले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती, आणि हे काम त्याला कुणीही दिलेलं नव्हतं.

१८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी मिळाली तेव्हा वय साठीला टेकलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. रस्त्याचं वजन दगड पेलत नाहीत, खालची जमीन पेलते. ती कोरडी असेल तर काहीही पेलते, भिजली तर काहीच नाही. म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा उंच घ्यायचा, मध्ये किंचित फुगवटा ठेवायचा, बाजूला गटार काढायचं आणि वर फक्त फोडलेली टोकदार खडी पसरायची. चाकं फिरतील तशी खडी एकमेकांत अडकत जाते आणि पाणी वरच्या वर निघून जातं.

खडीचा एकही तुकडा साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको, हा नियम. मुकादमाकडे तराजू असायचा. मजुरांना सांगितलं होतं म्हणे, की तोंडात मावेल तेवढाच दगड चालेल. एका ठिकाणी खडी मोठी का, म्हणून बघितलं तर दगड फोडणाऱ्या म्हाताऱ्याला दातच नव्हते! ही दंतकथाच असावी, पण रस्त्याच्या कामावर आजही चालेल अशी आहे.

संसदेत चौकशी झाली, खर्चाची काही भरपाई मिळाली आणि १८२७ मध्ये लंडन परिसरातल्या रस्त्यांचं मोठं पद मिळालं. 'सर' ही पदवी मात्र त्याने नाकारली; ती पुढे मुलाने घेतली. २६ नोव्हेंबर १८३६ रोजी स्कॉटलंडहून परतताना मॉफट गावी त्याचं निधन झालं.

त्याच्या रस्त्यात डांबर नव्हतं. गंमत म्हणजे तरुणपणी डांबराच्या धंद्याशी त्याचा संबंध आला होता, पण रस्त्यावर ते ओतायचं त्याने केलं नाही. डांबरमिश्रित खडीचं पेटंट १९०२ मध्ये एडगर हूली या ब्रिटिश अभियंत्याने घेतलं आणि नाव दिलं 'टारमॅक'. त्यातला 'मॅक' पुन्हा आपलाच माणूस. आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते कोळशाचं नसतं, तेलशुद्धीकरणातून निघालेलं बिटुमेन असतं.

आता आपल्याकडचं बघा. भातसा आणि तानसा धरणं भरणारा पाऊस शहापूरच्या रस्त्यांवरही पडतोच. डांबराला चीर गेली की पाणी खाली शिरतं, खालचा मुरूम मऊ होतो, वरून ट्रक जातो आणि खड्डा तयार. हायवेवरच्या ढाब्यांसमोरच्या पार्किंगमध्ये तर आणखी हाल. चाकं जागच्या जागी वळतात, डिझेल-ऑइल सांडून डांबर विरघळतं आणि उतार नसला तर पाणी तिथेच साचतं.

पाणी भरलेल्या खड्ड्यात खडी ओतून निघून जाणं म्हणजे मॅकॲडमच्या आधीच्या काळात जाणं. नीट करायचं तर खड्ड्याच्या कडा सरळ, चौकोनी कापायच्या, पक्का थर लागेपर्यंत चिखल आणि सुटी खडी काढायची, जागा कोरडी करायची. मग तळाला आणि कडांना पातळ डांबर मारून मिश्रण थराथराने भरायचं आणि प्रत्येक थर दाबायचा. शेवटचा थर किंचित वर ठेवायचा, कारण गाड्या गेल्या की तो बसतो. आणि पाणी जिथून येत होतं ती वाट आधी मोकळी करायची, नाहीतर पुढच्या जुलैत खड्डा त्याच जागी.

मुरूम आणि पाणी घालून खडी बसवणं मात्र मॅकॲडमला पटलं नसतं. खडीत माती मिसळायला त्याचा ठाम विरोध होता. तरी बोर्डावर नाव त्याचंच आहे.