मानवी हक्कांचा एक वाचक : जोतीराव फुले

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक स्मृतिग्रंथात थोर ग्रंथकारांचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु येथे ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे, ते महात्मा जोतीराव फुले ग्रंथकार होण्याच्या कितीतरी आधी वाचक होते. इ. स. १८४७ च्या सुमारास पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर या ब्राह्मण मित्रांच्या संगतीत त्यांनी टॉमस पेन या इंग्रज लेखकाचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला. जोतीरावांचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते.

त्या ग्रंथामागे युरोपातील एक मोठा वाद उभा होता. माणसामाणसांतील विषमता निसर्गाने घातली की माणसांनीच निर्माण केली, या प्रश्नावर रूसोने १७५५ साली आपला प्रसिद्ध निबंध छापला. वय, बळ, बुद्धी यांतील भेद निराळे आणि धन, मान, सत्ता यांतील भेद निराळे. हे दुसरे भेद माणसांच्या संमतीवर उभे आहेत, असे त्याने दाखविले. पेनने १७९१-९२ मध्ये दोन भागांत लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार सामान्य माणसाच्या भाषेत आणला. हक्क जन्मतःच मिळतात, आणि एका पिढीने केलेला करार पुढच्या पिढ्यांस बांधू शकत नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. पेनने हे लिहिले ते वंशपरंपरागत राजांविरुद्ध. पुण्यातल्या तरुण वाचकाला मात्र त्यात वंशपरंपरागत जातींचा विचार दिसला असल्यास नवल नाही.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे साताऱ्याकडील कटगुणचे, मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेली; सगुणाबाईंनी त्यांस वाढविले. शाळेतून काढून शेतावर घातलेल्या या मुलाची बुद्धी हेरून गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडील गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. सावित्रीबाईंशी विवाह त्याआधीच, १८४० साली झाला होता.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला. ही घटना सर्वांस ठाऊक आहे. तिचे वर्णन येथे पुन्हा करीत नाही. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे अधिक महत्त्वाचे. लोकांच्या दडपणाने वडिलांनी पतिपत्नींस घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांस आसरा दिला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो व तो टाळू नये. पेन हा राजसत्तेचा कट्टर वैरी. मग त्याचा हा वाचक इंग्रजी राज्याविषयी इतका सौम्य कसा? टीकाकारांनी यावरून जोतीरावांस बोल लावला आहे. माझ्या मते उत्तर पेन आणि फुले यांच्या परिस्थितीतील भेदात आहे. समाज आपले बहुतेक व्यवहार आपणच नीट चालवितो, शासनाची गरज थोडीच, असा पेनचा भरवसा होता. जोतीरावांस असा भरवसा कोठून असावा? पाणवठा, विवाह, विद्या, श्राद्ध यांचे निर्बंध त्यांच्या काळी सरकारने घातले नव्हते. ते समाजानेच घातले होते. म्हणून त्यांना अगोदर नवा समाजच घडवावा लागला. त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८६८ साली घराचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटजींवाचून लग्ने लागू लागली, आणि ओतूर येथे हक्काच्या दक्षिणेसाठी जोशांनी केलेला दावा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्यांच्या ग्रंथांतील आर्य आणि बळीराजा यांविषयीचा इतिहास आजच्या संशोधनाच्या कसोटीस उतरत नाही. त्यामागील अन्यायाचे निदान मात्र अचूक आहे.

सरकारची स्तुती करतानाही त्यांनी हिशेब सोडला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, महसूल येतो बहुतांशी कष्टकऱ्यांच्या घामातून आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर; म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. गरिबांच्या मुलांच्या शिक्षणास सरकारने पैसा द्यावा, ही योजना पेनच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातही आहे. दिलसुखनगरच्या वाचकांस हा प्रश्न जुना वाटणार नाही. शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी भरलेल्या त्या रस्त्यांवर खेड्यापाड्यांतील मुले वसतिगृहांत दाटीने राहून नोकरीच्या परीक्षांची तयारी करतात, आणि शुल्काचा पैसा अनेकदा शेतातूनच आलेला असतो. बेगमपेठेतील मुख्यमंत्र्यांच्या पूर्वीच्या निवासाला डिसेंबर २०२३ मध्ये जोतीरावांचे नाव देण्यात आले, त्यामुळे या शहरास आता ते नाव अपरिचित नाही. निवेदन वाचलेले लोक मात्र थोडेच असावेत.

जोतीराव व्यवसायाने कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी माल पुरविला. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात गेले व तेथेच देशातील दारिद्र्याविषयी बोलले. त्या वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली.

पुढे पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. तरीही डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. पेनच्या हक्कांचा नायक पुरुष होता. या पुस्तकात प्रत्येक हक्क स्त्री आणि पुरुष दोघांच्या नावे सांगितला आहे, आणि स्त्रीचे नाव आधी आहे. त्यात एका घराची कल्पना आहे : स्त्रीने ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, तिच्या पतीने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सर्वांनी एका छपराखाली प्रेमाने राहावे. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. पुस्तक १८९१ साली छापून आले.